शेंदूर वाचणारे साहेब

साहेबांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख वाढलेलं असायचं. बाकी माणूस अगदी टापटीप. रोज गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना तोंड दिसेल असं पॉलिश. आणि मग ते नख. मी सांगलीहून रायपूरच्या भनपुरी शाखेत कर्ज विभागाची अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि आमच्या शाखाप्रमुखांच्या त्या नखाकडे पाहून मला शिसारी यायची. तंबाखू मळत असतील, नाहीतर कान कोरत असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. माणसांबद्दल चटकन मत बनवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मग विश्वकर्मा पूजेचा दिवस आला.

भनपुरी म्हणजे रायपूरचं उत्तरेकडचं टोक. ट्रकच्या बॉड्या बांधणारे, कमानपट्टे ठोकणारे, राइस मिलचे सुटे भाग बनवणारे, लेथवाले, वेल्डिंगवाले. एरवी दिवसभर कानात नुसती ठणठण. त्या एका दिवशी मात्र सगळं गप्प होतं. कारागीर मशिनी धुऊनपुसून, तेल देऊन लखलखीत करतात, शेंदूर लावतात, झेंडूचे हार घालतात, आणि त्या दिवशी मशिनीला कामाला जुंपत नाहीत. बँक उघडी असते, पण साहेब खुर्चीत नसत.

"चाल वं पुणेवाली," ते मला म्हणाले. "आज आपलं वर्षाचं इन्स्पेक्शन."

"साहेब, मी सांगलीची आहे."

"नागपूरच्या पलीकडं सगळं पुणंच."

त्यांच्या स्कूटरमागे माझी स्कूटर, अशी आमची वरात निघाली. प्रत्येक वर्कशॉपमध्ये साहेब बूट काढून आत जायचे, बुंदीचा प्रसाद घ्यायचे, मालकाच्या पोराबाळांची चौकशी करायचे आणि मग एकेका मशिनीपुढे जाऊन हात जोडायचे. हात जोडता जोडता ती करंगळी हळूच पुढे व्हायची आणि शेंदराच्या कडेला एक बारीकसा ओरखडा काढायची. मला वाटलं, हा भक्तीचा काहीतरी खास प्रकार असेल.

एका लेथवाल्याकडे त्यांनी असंच केलं, बुंदीचं कौतुक केलं आणि बाहेर आले. रस्त्यावर मला विचारलं, "याची मोठी लेथ आपल्या बँकेकडं तारण हाय. कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली, साहेब."

"बाकीच्या मशिनीवर शेंदराचे पापुद्रे हाय. खरडलं तर जुना, त्याच्याखाली आणखी जुना. दरसाल एक थर चढते. या लेथवर फक्त आजचा शेंदूर. खाली नुसतं लोखंड." त्यांनी करंगळी रुमालाला पुसली. "आपली लेथ यानं विकली. ही मशीन विकणाऱ्याच्या गोदामातून भाड्यानं आणून उभी केली."

शेंदरावरचा ओरखडा त्याने पाहिला असावा. दुसऱ्या दिवशी तो लेथवाला स्वतःहून शाखेत आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच रडायला लागला. मंदीत विकली होती म्हणाला. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. मुदत दिली, आणि त्या माणसाने वर्षभरात मशीन परत उभी केली. तेव्हापासून मी त्या नखाकडे पाहताना नजर आदराने खाली घ्यायला लागले. खरं सांगायचं तर मला त्यांची भीतीच वाटायला लागली.

साहेब रायपूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, ब्राह्मणपाऱ्यात राहणारे. "आमचे पणजोबा भोसल्यांच्या घोड्यांमागं आले. घोडे वापस गेले, आम्ही राहिलो," असं ते सांगायचे. घरात ते आणि काकू मराठी बोलायचे आणि मुलगा दोघांनाही हिंदीत उत्तर द्यायचा. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

कर्ज कोणाला द्यावं याबद्दल त्यांचा एकच नियम होता. तो त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच ऐकवला. "विचारायचं नाही. पाहायचं. माणसाले विचारलं की ते खोटं बोलते. त्याची चूक नसते, गरज असते. पण वस्तू खोटं नाही बोलत." म्हणून ते कर्जदाराच्या एसी केबिनमध्ये कधी बसले नाहीत. थेट शेडमध्ये जायचे, एखादा रिकामा ड्रम उलटा करायचे आणि त्यावर बसून पाहत राहायचे. अवजारं जागेवर टांगलेली आहेत की जमिनीवर लोळतायत, कारागिरांच्या पिण्याच्या पाण्याचा माठ कुठे आहे, भंगार वेगळं काढलंय की नाही. मालक बिचारा आकडे सांगत राहायचा. साहेब ऐकतायत असं वाटायचं, पण त्यांचं ऐकण्याकडे लक्षच नसायचं.

चहा मात्र घ्यायचे. तोही स्वतःच्या ग्लासातून. गोल बाजारातून घेतलेला स्टीलचा छोटा ग्लास त्यांच्या पिशवीत असायचा. "चहा तुमचा, ग्लास माझा. अर्धंच मिंधेपण," असं म्हणून ते तो पुढे करायचे. नवे मालक गोंधळून जायचे. जुने आधीच किटली घेऊन उभे असायचे.

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले असताना मी काकूंना विचारलं, हे पहिल्यापासूनच असे का? काकू पोळी लाटता लाटता हसायलाच लागल्या.

"मले पाहायले आले तवा एक शब्द नाही विचारला यायनं. स्वयंपाक येते काय, शिकली किती, काहीच नाही. सारा वेळ आमच्या पाट्या-वरवंट्याकडं पाहून राहिले. मले वाटलं, मुका पोट्टा घेऊन आले माह्यासाठी!"

"आन पाटा कसा होता ते सांग ना," साहेब ताटावरून म्हणाले.

"कसा होता?" मी विचारलं.

"टाकी लावलेला. धुऊन उभा ठेवलेला. मंग विचारायचं काय राहिलं?"

मला हे ऐकून हसू आलं आणि थोडं काकूंचं वाईटही वाटलं. त्यांना मात्र काही वाटत नव्हतं. त्या अजून पाटा धुऊन उभाच ठेवायच्या.

साहेबांचं आणखी एक पालुपद होतं. ज्याला कर्ज नाकारायचे त्याला ते दारापर्यंत सोडायला जायचे आणि सांगायचे, "पैसा खाते में घुमाओ. जेब में मत घुमाओ." डॉक्टर जसा प्रत्येकाला पाणी जास्त पीत जा म्हणतो, तसं ते सगळ्यांना हेच सांगायचे. किती जण ऐकत होते कोण जाणे.

साहेब भनपुरीत पहिल्यांदा आले तेव्हा त्या रस्त्यावर आमची एकच बँक होती. मशीन घ्यायची, पत्रा भरायचा, पगार द्यायचे, तर एक तर आमच्याकडे यायचं, नाहीतर लोखंडाच्या सेठकडे. सेठ माल उधार द्यायचा, पण उधारीचा भाव वेगळा. त्या फरकात छोट्या माणसाचा सगळा नफा जायचा आणि तरी तो सेठचे पाय धरायचा, कारण बँकेत शिरण्यापेक्षा ते सोपं होतं. मी आले तोवर त्याच रस्त्यावर बँकांच्या पाट्यांची रांग लागली होती. साहेब त्या पाट्यांकडे बघून म्हणायचे, "इतक्या बँका झाल्या, आन साऱ्या एकाच रोलिंग मिलच्या फाटकात उभ्या हाय. त्या सेठले पैसा नको तरी पुसून राहिल्या. पत्रा वाकवणाऱ्याले कोणी पुसत नाही."

मग आमच्याकडे नवी पद्धत आली. अर्ज ऑनलाइन, निर्णय दूरच्या शहरातल्या केंद्रीय कार्यालयातून. खात्यात किती पैसे आले-गेले, कर किती भरला, बिलं कधी वसूल झाली, हे संगणक पाहणार आणि हो किंवा नाही सांगणार. शाखाप्रमुखाच्या हातात उरलं ते एवढंच की पैसे सोडण्याआधी जागेवर जाऊन पाहणी करायची आणि काही गडबड दिसली तर थांबवायचं. शाखेतल्या सगळ्यांना वाटलं, आता साहेब आकांडतांडव करणार. त्यांनी तसं काही केलं नाही. रोज सकाळी टेबलावर पिशवी ठेवली की मला विचारायचे, "काहून वं, देवाचा कौल आला काय?" गावाकडे मूर्तीला पाकळी लावून कौल मागतात, तसं त्यांना हे वाटायचं. पण बोलताना हसू ओठांवरच असायचं, डोळ्यांत नसायचं, हे मला दिसत होतं.

त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. विश्वकर्मा पूजा होऊन गेली होती, धानाचा हंगाम तोंडावर आला होता. एका सकाळी त्यांनी कौल विचारला आणि मी म्हटलं, "आलाय, साहेब. रमौतिन दीदींना मंजूर झालंय."

साहेबांचा चेहरा बदलला. "कोणाले?"

रमौतिन दीदी राइस मिलच्या एलेव्हेटरला लागणारे लोखंडी बकेट बनवायची. धान वर चढवणारे ते डबे. वर्कशॉप नवऱ्याने उभं केलेलं, तो गेल्यावर तिने चालवलेलं. मी यायच्या आधी तिने आमच्याकडे दोनदा खेळत्या भांडवलासाठी अर्ज केला होता आणि साहेबांनी दोन्ही वेळा नाकारला होता. राइस मिलवाले पैसे हंगाम संपल्यावर देतात आणि पत्रा मात्र हंगामाआधी भरावा लागतो. तेवढ्या काळासाठी तिला पैसे हवे होते.

"ते गलत हाय," साहेब म्हणाले. "तिच्या मशिनी तिच्या नाही. मी पूजेच्या दिवशी जाऊन पाहिल्या. शेंदराचा एक डाग नाही. कोरं लोखंड. भाड्याच्या हाय, इन्स्पेक्शनपुरत्या आणते. दुसऱ्या साली गेलो, तेच." त्यांनी पिशवी पुन्हा उचलली. "संगणकाले काय दिसते? चाल. मले हे थांबवायले लागीन."

स्कूटरवरून जाताना मी त्यांना म्हणाले की तिच्या खात्यात गेली दोन वर्षं मिलवाल्यांचे पैसे व्यवस्थित आलेत, एकही चेक परत गेलेला नाही. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.  तो लेथवाला मी पाहिला होता. साहेबांची नजर चुकू शकते हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. मला वाटत होतं ते एवढंच की आज एक बाई आमच्यासमोर रडणार.

रमौतिन दीदी पन्नाशीची, अंगाने काटक. तिने हातातला हातोडा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आमच्याकडे पाहत उभी राहिली. तिने बसाही म्हटलं नाही. दोनदा नाकारलेल्या माणसाने का म्हणावं? साहेब शेडमध्ये फिरले. कातरणीची मशीन, ड्रिल, वेल्डिंगचा संच. सगळं तेल दिलेलं, पुसलेलं. अवजारं भिंतीवर ओळीने टांगलेली. माठावर झाकण. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना हे सगळं दिसत होतं आणि जुळत नव्हतं. मग ते एका जागी थांबले. फरशीत चार मोठे बोल्ट वर आलेले होते आणि मधली जागा रिकामी.

"यहाँ क्या था?"

"प्रेस रिहिस, साहब. बेच देंव."

"क्यों?"

"सेठ के उधारी बाढ़ गे रिहिस. आप मन तो मना कर देव."

छत्तीसगढी मला तेव्हा जेमतेम कळायची, पण हे कळलं. उधारी वाढली, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून पत्रा दाबायचा प्रेस विकला. साहेबांनी वाकून एका बोल्टावरून बोट फिरवलं. आणि मग मी त्यांच्याबरोबर काम करायला लागल्यापासून जे कधी पाहिलं नव्हतं ते झालं. त्यांनी विचारलं.

"दीदी, ये मशीनें किसकी हैं?"

"मोर घरवाला के." तिला प्रश्नच समजला नाही. "अउ काखर होही?" आणखी कोणाच्या असणार?

"फिर विश्वकर्मा पूजा में टीका क्यों नहीं लगाते?"

"हमन कबीरपंथी आन, साहब," ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मूर्ति-फूर्ति, टीका-सिंदूर, कुछु नइ करन. ओ दिन मसीन ल पोंछ देथन, बस."

साहेब रायपूरात जन्मले, रायपूरात वाढले. या मुलखात घराघरांत कबीरपंथी आहेत. ते पूजाअर्चा मानत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तिच्या गळ्यातली कबीरपंथीयांची तुळशीची कंठी आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर होती. पण जे पाहून कळतं ते विचारायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि त्यांनी पाहिलं होतं फक्त लोखंड.

ते उलट्या ड्रमवर बसले.  खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं, मग तोंड पुसलं. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये, म्हणून मी पाणी मागितलं. रमौतिन दीदीने माठातून पेला भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "दीदी, कल बैंक में आइए. आपसे काम है."

परत येताना मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, "साहेब, तुम्हीच तिला दारापर्यंत सोडताना सांगितलं असेल ना, पैसा खात्यातून फिरवा म्हणून? तिने ते ऐकलं, म्हणूनच आज संगणकाला ती दिसली. म्हणजे कर्ज तुमच्यामुळेच मिळालं."

"संगणकाले तिचा पैसा दिसला," ते म्हणाले. "मले ती समोर उभी असून नाही दिसली. आता मले खुश नको करू."

दुसऱ्या दिवशी खरी अडचण समोर आली. मी पाहणीचा अहवाल भरला, सगळं ठीक म्हणून लिहिलं, तर संगणकाने पुढचं पान उघडलं. या ग्राहकाला याच शाखेने पूर्वी दोनदा नाकारलं आहे, कारण निवडा. खाली तयार कारणं होती. ग्राहकाने कागदपत्रं दिली नाहीत. ग्राहकाने स्वतः अर्ज मागे घेतला. उत्पन्न अपुरं. आणि शेवटी, इतर. पहिल्या तीनपैकी काही निवडलं की पैसे तिथल्या तिथे सुटणार होते. इतर निवडलं की कारण लिहायचं आणि ते केंद्रीय कार्यालयातला कोणीतरी माणूस वाचणार, मग ठरणार.

मी म्हणाले, "साहेब, कागदपत्रं दिली नाहीत असं टाकते. सगळे हेच टाकतात. नाहीतर अडकेल. आणि तुमची निवृत्ती..."

"तिच्या नावावर माही चूक चढवू काय?" ते म्हणाले. "पुढच्या बार ही मर्यादा वाढवायले येईन, तवा तिथं लिहिलं राहीन, ही बाई कागद देत नाही."

"पण उशीर झाला तर?"

 लोखंडाच्या सेठने रमौतिन दीदीला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्याच्या आत जुनी बाकी चुकली नाही तर कातरणीची मशीनही तो नेणार होता, आणि कातरणी गेली की पत्रा कापणंच थांबलं असतं. हे तिनेच आदल्या दिवशी निघताना सांगितलं होतं. एवढ्यात ती आली. डोक्यावर पदर, पायांत स्वच्छ चपला, टेबलापुढे उभी.

साहेब उठले, तिला खुर्ची दिली आणि तिच्याशी सरळ बोलले. शाखेत गर्दी होती, सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात.

"दीदी, दो बार मैंने आपको गलत मना किया. मशीन किसकी है, पूछा ही नहीं. अब कंप्यूटर पूछ रहा है कि मना क्यों किया था. सच लिखूँगा तो ऊपरवाले सवाल करेंगे, पैसा अटक सकता है. झूठ लिखूँगा तो आज पैसा मिल जाएगा, लेकिन गलती आपके नाम चढ़ेगी. पैसा आपका है, नाम आपका है. आप बताइए क्या लिखूँ."

 ती हाताच्या बोटांनी टेबलाची कड दाबत होती. मला वाटत होतं, बाई, पटकन हो म्हण आणि पैसे घे. कोण बघतंय त्या नोंदीकडे? तिची सगळी दिवाळी, तिचं शेड, तिच्या नवऱ्याच्या हातची मशीन, सगळं त्या एका टिचकीवर होतं. मी माझा हात माउसवरून काढला नव्हता.

"मोर नाव म काबर चढ़ही?" ती शेवटी म्हणाली. माझ्या नावावर का चढावं? आणि मग, आवाज न वाढवता, "सच लिख देव, साहब. सेठ ल मैं देख लेहूँ."

साहेबांनी माझ्याकडून कळफलक ओढून घेतला. त्यांना टाइप करता यायचं नाही. एकेक अक्षर शोधत, एका बोटाने, त्यांनी लिहिलं, की दोन्ही वेळा शाखाप्रमुखाने यंत्रं कोणाची आहेत याची चौकशी न करता ती भाड्याची समजली, यंत्रं अर्जदाराचीच होती, अर्जदाराने कागदपत्रं वेळेवर दिली होती, चूक सर्वस्वी शाखाप्रमुखाची. खाली स्वतःचं नाव घातलं. मग ते सगळं तीनदा वाचलं. मी त्यांना रोलिंग मिलच्या मालकाला तोंडावर नाही म्हणताना पाहिलं होतं, तेव्हा त्यांना एवढा वेळ लागला नव्हता.

केंद्रीय कार्यालयातून फोन आला तो दुपारीच. तिकडचा तरुण अधिकारी वैतागला होता. "सर, ये क्या लिख दिया आपने? कोई ऐसा लिखता है?" साहेब म्हणाले, "जो हुआ वही लिखा है, बेटा. तुम लोन मत रोको, मेरे पीछे जो लगाना है लगाओ." मग दिवस जायला लागले. मला घास गोड लागत नव्हता. सेठ एकदा रमौतिन दीदीच्या शेडमध्ये जाऊन कातरणी हलवून पाहून आल्याचं कळलं. साहेब रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन सांगून यायचे, आज नाही आलं. रोज. तोंड चुकवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं बहुतेक. दिवाळी अगदी दारात असताना पैसे सुटले. सेठची बाकी चुकली, रोखीच्या भावात पत्रा आला आणि त्या हंगामात रमौतिन दीदीच्या शेडमध्ये पुन्हा ठणठण सुरू झाली. विकलेला प्रेस मात्र मिळाला नाही. तो भंगारात जाऊन कोणत्या तरी भट्टीत वितळला होता. साहेबांनी दोन रविवार भंगारवाल्यांकडे फिरून ते शोधून काढलं.

त्यांच्यामागे जे लागायचं ते लागलं. चौकशी सुरू झाली, निवृत्तीचा दिवस आला तरी ती संपली नव्हती. निरोप समारंभ झाला नाही. त्यांनी पिशवीत ग्लास टाकला आणि गेले. निवृत्तीचे पैसे अडकले. काकू मला फोनवर म्हणाल्या, "मले काही विचारलंच नाही, असं लिहून राहिलो म्हणून. सवयच नाही ना यायले." पण त्या रागावल्या नव्हत्या. मला वाटतं, त्यांना जरा अभिमानच वाटत होता.

चौकशी अधिकारी मोठ्या कार्यालयातून आले तेव्हा साक्षीला मलाही बसवलं. माणूस भला होता. सगळे कागद चाळून झाल्यावर त्याने ते बाजूला सारले आणि साहेबांना म्हणाला, "देखिए, आपकी नीयत पर किसी को शक नहीं है. मना करने से बैंक का कोई नुकसान भी नहीं हुआ. एक छोटी सी बात है. आप लिखकर दे दीजिए कि वो टिप्पणी जल्दबाज़ी में लिखी गई थी, काग़ज़ों में कुछ कमी रही होगी. मैं उसे रिकॉर्ड से हटवा दूँगा और फ़ाइल आज ही बंद. आपका पैसा इसी महीने मिल जाएगा."

मी साहेबांकडे पाहिलं. निवृत्त झालेला माणूस, घरात लग्नाला आलेला मुलगा, पैसे अडकलेले. मी मनात म्हटलं, लिहा साहेब. आता तर तिचं कर्ज मिळालंय, तिचं काम चाललंय. आता कोणाचं काय बिघडणार आहे?

साहेब खुर्चीत पुढे सरकले. अगदी अदबीने बोलले.

"सर, मैं तो अभी लिख दूँ. लेकिन वो बात मैंने अकेले नहीं लिखी. उनसे पूछकर लिखी थी. उनका वर्कशॉप दाँव पर था, फिर भी उन्होंने कहा, सच लिखो. अब मिटाना है तो उन्हीं से पूछना पड़ेगा." ते उठून उभे राहिले. "यहीं भनपुरी में हैं. चलिए ना, मेरी स्कूटर बाहर खड़ी है."

 अधिकाऱ्याने फाइल पुन्हा ओढली आणि ते वाक्य जसंच्या तसं राहू द्या, असं माझ्यादेखत लिहून खाली सही केली.

साहेबांचे पैसे त्यानंतर पुष्कळ उशिरा मिळाले. आपले पैसे अडकले होते हे रमौतिन दीदीला कधी कळू द्यायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, आणि ती मी आजवर पाळली आहे.